पाय बधिर, शुगर नॉर्मल : टीटीआर अमायलॉइडोसिस आणि आमच्या घराची रामकुंडावरची वही

पिंपळगावची_लेक

२०१९ ची गोष्ट. ऑक्टोबर छाटणी नुकतीच उरकली होती. नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या पायातली चप्पल बागेत कुठेतरी राहिली आणि ते घरापर्यंत तसेच चालत आले. आईनं उंबऱ्यावर विचारलं, "एकच चप्पल?" तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. तळव्यात बाभळीचा काटा अर्धा मोडून बसला होता. त्यांना कळलंच नव्हतं.

नानांचं वय तेव्हा ५१. शुगर तपासली, उपाशीपोटी ९२. बी-१२ ची इंजेक्शनं झाली. रात्री तळपायाची आग व्हायची, म्हणून आई काशाच्या वाटीनं तूप चोळत बसायची. मग हातांना मुंग्या सुरू झाल्या. मनगटात नस दबली असं निदान झालं आणि वर्षभरात दोन्ही हातांचं ऑपरेशन झालं. तीस वर्षं द्राक्षाची कात्री चालवली की असं होणारच, असं सगळे म्हणाले. आम्हालाही ते पटलं.

पुढची दोन वर्षं म्हणजे फायलींची चळत. चार दिवस जुलाब, मग पाच दिवस पोट गच्च, म्हणून पोटाची फाइल. दुर्बीण आत घालून पाहिलं, सगळं स्वच्छ निघालं. वजन ६८ वरून ५४ वर आलं. एका लग्नात पंगतीतून उठताना भोवळ येऊन पडले, म्हणून हृदयाची फाइल. इकोमध्ये हृदयाच्या भिंती जाड दिसल्या. बीपीमुळे असेल म्हणाले, पण नानांचं बीपी तर उभं राहिलं की ८० वर यायचं. एका ठिकाणी कुष्ठरोगाची शंका घेतली गेली. तपासणीत काही निघालं नाही, पण तो आठवडाभर आई शेजारी कुणाशी बोलली नाही. कुठल्या दवाखान्यात काय झालं ते इथे लिहीत नाही. प्रत्येकानं आपापल्या पुढ्यातला अवयव नीट तपासला, एवढं मात्र खरं. सगळ्या फायली एका टेबलावर कुणी ठेवल्या नाहीत. आम्हीसुद्धा नाही.

शेवटी एका मेंदूविकारतज्ज्ञांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला?" नाना म्हणाले, "नाही. थोरले भाऊ हार्टनं गेले, वडील वातानं." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "वडील चालायचे कसे?" नाना थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पाय आपटत. गुडघा वर उचलायचे आणि पाऊल थाडकन खाली टाकायचे. वाड्यात आले की आम्हाला आवाजावरून कळायचं."

डॉक्टरांनी तीन पिढ्या कागदावर लिहून आणायला सांगितल्या. कोण, कितव्या वर्षी गेलं, शेवटच्या काळात काय त्रास होता. घरात कुणालाच नक्की सांगता येईना. म्हणून मी रामकुंडावर आमच्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांकडे गेले. २०१४ मध्ये आबांच्या, म्हणजे नानांच्या थोरल्या भावाच्या, अस्थी घेऊन गेलो होतो तेव्हा गुरुजींनी वही उघडून नाव लिहिलं होतं, ते आठवलं. त्याच वहीत आजोबांच्या अस्थी आणल्याची नोंद सापडली, १९८१ ची. आणि त्याच्या वर आजोबांच्या हातची मोडीतली सही, पणजोबांच्या दशक्रियेची. हिशेब केला तर पणजोबा साधारण ५५, आजोबा ५४, आबा ५८. तिघंही साठीच्या आत गेले. आजार वहीत लिहिलेला नसतो. पण वर्षं हाती आली की म्हाताऱ्या माणसांना नेमकं विचारता येतं. नानांच्या ८३ वर्षांच्या चुलतीनं सांगितलं, "तुझ्या पणज्याला शेवटी चुलीजवळ बसवत नव्हते. पाय भाजला तरी समजायचं नाही."

रक्ताची जनुक तपासणी झाली. टीटीआर, म्हणजे ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रोटीन बनवणाऱ्या जनुकात दोष निघाला. ते प्रोटीन बिघडून शरीरात साचतं. आजाराचं नाव आनुवंशिक ट्रान्सथायरेटिन अमायलॉइडोसिस.

धागा दोन कारणांसाठी काढतेय. नाशिक जिल्ह्यात असं आणखी कुणी असेल तर त्यांचा वेळ वाचावा, हे एक. आणि दुसरं, मी ३४ वर्षांची आहे, मला सहा वर्षांची मुलगी आहे, लग्न झालेली एक बहीण आहे. मी स्वतःची तपासणी करावी का, यावर ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहावं.

निफाडकर

ताई, वाचून अंगावर काटा आला. माझ्या सासऱ्यांचेही पाय बधिर आहेत, पण त्यांना शुगर आहे बारा वर्षांपासून. त्यांनाही हे असू शकतं का? हे प्रोटीन म्हणजे आपण खातो तेच का? आहारात कमी करायचं का?

मज्जारज्जू

मी नाशिकमध्येच प्रॅक्टिस करतो. धाग्यावर निदान करता येत नाही, पण आजार समजावून सांगता येतो.

निफाडकर, आधी तुमचं. पाय बधिर होणाऱ्या बहुतेकांना मधुमेह, बी-१२ ची कमतरता, दारू, थायरॉइड यांपैकीच काहीतरी असतं. तुमच्या सासऱ्यांना बारा वर्षं शुगर आहे, म्हणजे कारण बहुधा तेच. आणि नाही, हे खाण्यातलं प्रोटीन नव्हे. डाळ, अंडी, दूध बंद करू नका. उलट या रुग्णांचं वजन उतरत असतं.

ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन मुख्यतः आपलं यकृत बनवतं. थोडं मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यातही बनतं. रक्तातून थायरॉइडचं संप्रेरक आणि 'अ' जीवनसत्त्व वाहून नेणं हे त्याचं काम, नावही त्यावरूनच आलं. चार सारखे तुकडे एकत्र येऊन ते तयार होतं. चार भोयांनी उचललेली पालखी डोळ्यांपुढे आणा. जनुकात एका अक्षराची चूक झाली की भोयाचा पाय डळमळतो, चौघांची जोडणी सुटते, आणि सुटा झालेला तुकडा आपला मूळ आकार सोडून भलत्याच घडीत वळतो. असे वळलेले तुकडे एकमेकांना चिकटून न विरघळणारे धागे होतात. हेच अमायलॉइड. ते नसांमध्ये, हृदयाच्या स्नायूत, आतड्यांत, मनगटातल्या बोगद्यात, कधी डोळ्यातल्या पारदर्शक द्रवात साचतात. धागाकर्तीच्या वडिलांच्या सगळ्या फायली या एका वाक्यात बसतात.

सुरुवात पायांपासून होते, कारण तिथे पोचणाऱ्या नसा सर्वांत लांब असतात. आणि पहिल्यांदा बहुधा बारीक तंतू जातात, म्हणजे वेदना, गरम-गार यांची जाणीव, आणि बीपी, आतडी, मूत्राशय, लैंगिक क्रिया हे सगळं आपोआप चालवणाऱ्या नसा. इथे एक मोठी फसगत होते. आपल्याकडे सर्रास करतात ती एनसीव्ही, म्हणजे नसांतून संदेश किती वेगानं जातो ते मोजणारी तपासणी, जाड तंतूंची असते. त्यामुळे आजाराच्या सुरुवातीला ती नॉर्मल येऊ शकते, आणि रुग्णाला 'मनाचं आहे' असं सांगून घरी पाठवलं जातं. त्या माणसाला अंघोळीचं कढत पाणी पायावर पडलेलं कळत नसतं, आणि त्याच्या हातात नॉर्मल रिपोर्ट असतो.

शंका कधी घ्यावी? पायाची बधिरता वाढत चाललीय आणि तिच्या जोडीला दोन्ही मनगटांच्या नसा दबल्यात, उभं राहिल्यावर भोवळ येते, जुलाब आणि बद्धकोष्ठ आलटूनपालटून होतात, कारण नसताना वजन घटतंय, इकोमध्ये हृदय जाड पण ईसीजीतल्या रेघा मात्र बारक्या, किंवा घरात असाच इतिहास आहे. यातलं एखादं दिसलं म्हणून घाबरू नका. तीन-चार एकत्र दिसले तर विचारा.

रानवारा_सिन्नर

डॉक्टरसाहेबांचा आदर आहे. पण असे धागे वाचून उद्या निम्मं नाशिक जनुक तपासायला धावेल. आमच्याकडे चाळिशीनंतर निम्म्या लोकांचे पाय जळजळतात. बी-१२ घ्या, शेतात बूट घाला, काशाची वाटी फिरवा, बरं वाटतं. माझ्या चुलत्यांना वाटलं.

पिंपळगावची_लेक

रानवारा, वाटी आई अजूनही फिरवते आणि नानांना त्यानं झोप लागते, त्यामुळे तिला मी नाही म्हणणार नाही. पण आम्ही वाटी आणि बी-१२ वर साडेतीन वर्षं काढली. त्या साडेतीन वर्षांत गेलेल्या नसा परत येत नाहीत. तुमच्या चुलत्यांना बरं वाटलं आणि तसंच राहिलं, हाच तर फरक. नानांचं वाढतच गेलं. बोटं, मग घोटे, मग गुडघ्यापर्यंत, नंतर हात.

सीमा_इंदिरानगर

माझ्या आईचं निदान चुकलं होतं. तिच्या नसांना सूज आहे, शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटलीय, असं सांगून सीआयडीपीचे उपचार चौदा महिने चालले. स्टेरॉइड, मग शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन. दागिने गेले. फरक शून्य. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी पोटाच्या चरबीचा तुकडा काढून तपासला, तो निगेटिव्ह. पुन्हा पायाच्या नसेचा तुकडा काढला. काँगो रेड नावाच्या रंगात बुडवून ध्रुवित प्रकाशाखाली पाहिल्यावर हिरवी चमक दिसली, तेव्हा अमायलॉइड ठरलं.

दोन गोष्टी सांगते. एक, अमायलॉइड ठिपक्यांसारखं साचतं. सुई मोकळ्या जागी पडली तर काही सापडत नाही. एक बायोप्सी निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असं होत नाही. दुसरी, अमायलॉइड एकाच प्रकारचं नसतं. अस्थिमज्जेतल्या पेशींच्या बिघाडातून होणारा एएल नावाचा प्रकार वेगळा, त्याला केमोथेरपी लागते, आणि तो घाईचा असतो. म्हणून कुठला प्रकार हे पक्कं केल्याशिवाय उपचार सुरू करू देऊ नका. आईची त्यासाठी रक्त-लघवीची वेगळी तपासणी झाली होती.

आई आता नाही. निदान झालं तेव्हा ती व्हीलचेअरवर होती. धागाकर्तीनं हे लिहिलं, त्याबद्दल मी तिची फार आभारी आहे.

मज्जारज्जू

सीमाताई, तुम्ही लिहिलंत ते शब्दशः बरोबर आहे. त्यात एकच भर. हृदयासाठी टेक्निशियम पायरोफॉस्फेट नावाचं किरणोत्सारी द्रव्य टोचून काढायचा स्कॅन असतो. एएल प्रकार नाही हे रक्त-लघवीवरून ठरलं आणि स्कॅनमध्ये हृदय ठळक उजळलं, तर हृदयाचा तुकडा न काढताही टीटीआरचं निदान करता येतं. आणि म्हातारपणी जनुकाच्या दोषाशिवायही हेच प्रथिन हृदयात साचतं, तो प्रकार आनुवंशिक नाही. म्हणून शेवटी जनुक तपासणी लागतेच.

गोदाकाठ

धागाकर्तीला अनुभवावरून सांगतो, स्वतःची तपासणी करू नका. कळून काय करणार? औषध नाही, नुसती झोप उडेल. आणि बहिणीच्या सासरी हे कळलं तर? आपल्या समाजात मुलींची लग्नं अडतात अशानं.

प्रयोगशाळेतली_अनघा

गोदाकाठ, 'औषध नाही' हे आता खरं राहिलेलं नाही, त्यावर डॉक्टर लिहितीलच. मी जनुक तपासणीच्या बाजूनं लिहिते, माझं कामच ते आहे.

हा दोष प्रभावी प्रकारचा आहे. आई किंवा वडील, एकाकडून आला तरी पुरे. प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के, मुलगा असो की मुलगी. पहिल्या मुलाला आला म्हणून दुसरं सुटत नाही, आणि पहिलं सुटलं म्हणून दुसऱ्याला येतोच असंही नाही. प्रत्येक वेळी नाणं नव्यानं उडतं. ज्याला मिळाला नाही, त्याच्या पुढच्या पिढीत तो परत येत नाही.

लोक म्हणतात, "आमच्यात एक पिढी सोडून येतो." तसं दिसतं, पण बहुधा काय झालेलं असतं? मधला माणूस आजार दिसायच्या आधीच दुसऱ्या कारणानं गेलेला असतो, किंवा त्याच्यात दोष असून आजार फार उशिरा आला किंवा आलाच नाही. दोष असणं म्हणजे आजार होणारच असं नाही. म्हणून वंशावळीत तरुणपणी गेलेल्यांची नावं गाळू नका. पिंपळगावची_लेक, तुमच्या वहीत फक्त पुरुषच आहेत. आजोबांच्या मुली कुठे आहेत?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकत नाही, कुणीच देऊ नये. पण रक्त देण्याआधी जनुकीय समुपदेशकाशी एक निवांत बैठक करा. रिपोर्ट कुणासमोर उघडायचा, हो आला तर घरी काय सांगायचं, विमा आधी घ्यायचा का, हे सगळं आधीच बोलून ठेवायचं असतं. मुलीची तपासणी आत्ता करू नका. हा आजार मोठेपणी होतो, निर्णय तिचा तिनं सज्ञान झाल्यावर घ्यायचा. तुमच्यात दोष निघाला, तर घराण्यात आजार ज्या वयाला सुरू होतो त्याच्या साधारण दहा वर्षं आधीपासून दर वर्षी तपासणी सुरू करतात. तुमच्याकडे ते वय पन्नाशीच्या आसपास दिसतंय, म्हणजे घाई नाही. आणि लग्नाचं म्हणाल, तर लपवलेली गोष्ट बाहेर आली की जास्त मोडतोड होते, हे मी टेबलाच्या या बाजूनं पाहिलंय.

गोदाकाठ

अनघाताई, माझं म्हणणं मागे घेत नाही, पण लपवा असं मला म्हणायचं नव्हतं. माझ्या मेव्हणीचं लग्न दुसऱ्याच एका आजारावरून मोडलं होतं, त्यातून लिहिलं गेलं.

मज्जारज्जू

औषधांबद्दल थोडं मागून सुरुवात करतो.

१९५२ मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराचे डॉक्टर कोरिनो आंद्राद यांनी हा आजार पहिल्यांदा नीट वर्णन करून छापला. त्यांचे बरेच रुग्ण पोव्हुआ द व्हार्झिम या किनाऱ्यावरच्या मासेमारी गावातले होते. तिथले लोक त्याला आपल्या भाषेत 'चिमुकल्या पायांचं दुखणं' म्हणत. म्हणजे वस्तीला आजार आधीच माहीत होता, नावासकट. पुढे स्वीडनचा उत्तर भाग आणि जपानमध्येही अशी घराणी सापडली. आज या जनुकातले शंभराहून जास्त दोष माहीत आहेत. काही नसांवर जास्त जातात, काही हृदयावर.

बिघडलेलं प्रथिन यकृतातून येतं, म्हणून १९९० मध्ये स्वीडनमध्ये यकृत बदलून पाहिलं आणि आजाराचा वेग कमी झाला. यात एक विलक्षण गोष्ट आहे. या रुग्णाचं काढलेलं यकृत बाकी सगळ्या कामांत ठणठणीत असतं. १९९५ पासून ते दुसऱ्या, यकृताविना मरणाऱ्या माणसाला बसवू लागले. घेणाऱ्याच्या नसांवर परिणाम झालाच तर तो काही वर्षांनी. तेवढी वर्षं त्याला मिळतात.

आता औषधं. काही गोळ्या चार भोयांना एकत्र बांधून ठेवतात. टाफामिडिसला युरोपात नसांच्या आजारासाठी २०११ मध्ये मान्यता मिळाली. डिफ्लुनिसाल हे जुनं वेदनाशामकही तेच काम करतं. २०१३ मध्ये छापलेल्या १३० रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांत नसांची घसरण त्यानं कमी केली. पण ते मूत्रपिंड, जठर आणि दुबळ्या हृदयाला जड जाऊ शकतं, मनानं घेऊ नये. दुसरी औषधं यकृताला ते प्रथिन बनवण्याचा निरोपच पोचू देत नाहीत. पॅटिसिरान अमेरिकेत ऑगस्ट २०१८ मध्ये मान्य झालं, आरएनएला, म्हणजे त्या निरोपालाच, गप्प करणाऱ्या पद्धतीचं जगातलं ते पहिलं औषध. व्ह्यूट्रिसिरान २०२२ चं, ते तीन महिन्यांतून एकदा त्वचेखाली देतात. प्रथिन कमी झालं की रक्तातलं 'अ' जीवनसत्त्वही उतरतं, म्हणून ते जोडीला देतात. ही औषधं आजार थोपवतात, काहींना थोडं बरंही वाटतं. पण मेलेली नस जिवंत करत नाहीत. माझी तळमळ आहे ती एवढ्यासाठीच. औषधं येण्यापूर्वी, यकृत बदलणं सोडलं तर, निदान दोन वर्षं उशिरा झाल्यानं फारसं काही बदलत नव्हतं. आता बदलतं.

किंमत फार मोठी आहे, हे खोटं सांगणार नाही. केंद्राचं दुर्मिळ आजार धोरण २०२१ मध्ये आलं, आणि त्यात नेमलेल्या केंद्रांपैकी एक मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. आपला आजार मदतीच्या यादीत बसतो का, औषधाच्या चाचणीत जागा आहे का, हे तिथे फाइल घेऊन जाऊन लेखी विचारावं.

व्यायामशाळा_सातपूर

मी फिजिओथेरपिस्ट. रोजचं थोडं. रात्री झोपताना पाय हातात धरून तळवा बघायचा, दिसत नसेल तर आरसा खाली धरायचा. बुटात हात घालून मगच पाय घालायचा. पाण्याचा अंदाज पायानं घ्यायचा नाही, कोपरानं घ्यायचा, किंवा दुसऱ्याला बघायला सांगायचं. पाऊल लोंबत असेल तर घोट्याला आधार देणारी पट्टी मिळते, पायरीला अडखळणं खूप कमी होतं. उठताना आधी पलंगावर बसून मिनिटभर पोटऱ्या हलवायच्या. पोटऱ्यांचे घट्ट मोजे, पलंगाची उशाकडची बाजू चार-सहा इंच वर. जुन्या बीपीच्या गोळ्या तशाच चालू असतील तर डॉक्टरांना दाखवा. भोवळ येणाऱ्या माणसाला त्या चालू राहिलेल्या मी दोनदा पाहिल्यात.

निफाडकर

सासऱ्यांचे तळवे काल रात्री पहिल्यांदा पाहिले. टाचेला जखम होती, किती दिवसांची कुणास ठाऊक. आज मलमपट्टी केली. आजार शुगरचाच आहे, पण धागा कामाला आला.

पिंपळगावची_लेक

अनघाताई, "आजोबांच्या मुली कुठे आहेत" हा प्रश्न रात्रभर डोक्यात राहिला. वहीत सासरी गेलेल्या मुली नसतात. एक आत्या होती, ओझरला दिलेली. ती ३८ व्या वर्षी साप चावून गेली. म्हणजे तिच्यात होतं की नव्हतं, हे कुणालाच कळायची संधी मिळाली नाही. तिचा मुलगा, आमचा दादा, आता ४७ चा आहे.

मागच्या महिन्यात त्याला फोन केला तेव्हा तो चिडला होता. "आमच्या घरात असलं काही नाही, आईला साप चावला होता" म्हणाला आणि फोन ठेवला. वहिनीला हा धागा पाठवला. तिनं त्याला काय सांगितलं माहीत नाही.

परवा संध्याकाळी तो स्वतः नानांना भेटायला आला. दोघं ओसरीवर बसले होते, मी चहा घेऊन गेले. नाना त्याला विचारत होते, "मोटारसायकलवर गिअर टाकताना पाय कळतो का रे?" दादा बराच वेळ बोलला नाही. मग त्यानं पॅन्ट वर सरकवली. डाव्या पोटरीवर सायलेन्सरनं भाजल्याचा डाग होता, चांगला तळहाताएवढा. "हा कधी झाला ते मला माहीत नाही, मामा," तो म्हणाला.

समुपदेशनासाठी मुंबईची गुरुवारची वेळ मिळाली आहे. सकाळच्या पंचवटीची तिकिटं काढलीत, नानांचं, दादाचं आणि माझं. रक्त द्यायचं की नाही ते मी बैठक झाल्यावर ठरवणार आहे. बहीण म्हणाली, तिच्या नवऱ्याला तिनं सगळं सांगितलंय, आणि तो नाशिकरोड स्टेशनला सोडायला येतोय.